डिस्चार्ज मिळाला, आता कुठे न्यायचे?

"डिस्चार्ज झाला" हे ऐकले की आपण देवाचे आभार मानतो, आणि ते योग्यच आहे. मंडळीत ज्यांच्यासाठी प्रार्थना केली ते बरे होऊन परत आले, प्रार्थनेच्या यादीतून नाव निघाले, विषय संपला. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या पारधी आणि भिल्ल वस्त्यांवर, तसेच ऊसतोड कामगारांच्या तळांवर काम करताना आम्हाला मात्र पुढचे दिसते. शस्त्रक्रिया चांगली होते, पैसे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागतात, माणूस जिवंत बाहेर येतो. मग तीन-चार आठवड्यांत पाठीला जखम पडून, टाके पिकून किंवा गोळ्या बंद पडून तोच माणूस पुन्हा त्याच वॉर्डात जातो. काही जण जातच नाहीत.

आपले हितचिंतक वस्तीवर येतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात, "ताई, यांना एखाद्या आश्रमात का ठेवत नाही?" प्रश्न मायेतून येतो. पालातल्या मातीवर पडलेले म्हातारे माणूस पाहिले की कोणालाही तसेच वाटेल. पण त्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येत नाही. कोणत्या रुग्णाला सुट्टीनंतर कुठे ठेवावे हे ठरवताना आम्ही काय पाहतो, ते या लेखात मांडते. वाचकांपैकी अनेकांच्या घरीही असा प्रसंग आलेला असेल किंवा येईल. त्यांनाही याचा उपयोग होईल असे वाटते.

सुरुवात एका जुन्या गोष्टीने करते, कारण संस्थेत ठेवले म्हणजे चांगले आणि घरी ठेवले म्हणजे हाल, हा समज तिने मोडला. एके काळी क्षयरोग झाला की रुग्णाला आरोग्यधामात ठेवत. मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनचे आरोग्यधाम होते, पुण्यात औंधला उरो रुग्णालय होते. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, सकस आहार, आणि घरच्यांपासून महिनोन् महिने दूर. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांचे एक केंद्र सुरू झाले. तिथल्या डॉक्टरांनी शहरातल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला घरीच औषधे दिली. घरे कसली, तर दाटीवाटीच्या वस्तीतल्या झोपड्या. खाणेही बेताचे. १९५९ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना धक्का बसला. घरी औषध घेतलेले रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे झाले होते, आणि घरातल्या इतरांना लागण होण्याचे प्रमाणही त्यामुळे वाढले नव्हते. आज आपल्याकडे क्षयरोगाच्या बहुतेक रुग्णांवर घरीच उपचार होतात, त्याचे मूळ या कामात आहे.

हा दाखला सांगताना त्यातला एक भाग बरेच जण गाळतात. मद्रासच्या त्या झोपड्यांमध्ये केंद्राची माणसे नियमित जात होती. गोळ्या घेतल्या का ते पाहत होती, चुकले तर पुन्हा समजावत होती. घर पुरेसे पडले, कारण तिथे कोणीतरी जात होते. ही अट वगळून नुसते "घरीच बरे" म्हटले, तर गरिबाला वाऱ्यावर सोडायला ते एक छान कारण होते.

घर म्हणतो ते नेमके काय

डिस्चार्ज कार्डावर "घरी विश्रांती" असे लिहिलेले असते. लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर पलंग, संडास, नळ आणि एक रिकामे माणूस असते. आमच्याकडे घर म्हणजे माळावरचे पाल किंवा पत्र्याचे छप्पर. गाळपाच्या हंगामात घर म्हणजे उसाच्या पाचटाची कोपी, आत वाकून शिरावे लागते अशी. पाणी हापशावरून किंवा टँकरवरून. संडास नाही. आता अशा घरी मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या बाईला न्यायचे आहे, आणि डॉक्टरांनी सांगितले आहे की उकिडवे बसायचे नाही. तिने सकाळी कुठे जायचे? हा प्रश्न वॉर्डात कोणी विचारत नाही, कारण विचारायला संकोच वाटतो. आम्ही तो सगळ्यात आधी विचारतो. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून खाली बादली ठेवली आणि भोवती साडीचा आडोसा केला, की अर्धी अडचण सुटते. आडोसा करायला जागाच नसेल तर ते घर त्या रुग्णासाठी त्या महिन्यापुरते योग्य नाही, मग घरचे कितीही प्रेमळ असोत.

ऊसतोडीत आणखी एक गाठ असते. तिथे मजूर एकेकटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल त्या कोयत्यावर घेतलेली असते. नवरा आजारी पडला आणि बायको त्याच्याजवळ बसली की दोघांचेही काम बंद. खाडा धरला जातो, उचल फिटत नाही, आणि मुकादम पुढच्या हंगामाचे बोलू लागतो. त्यामुळे रुग्ण कोपीत असतो पण दिवसभर एकटा असतो. पहाटे टोळी फडात जाते ती कधी दुपारी, कधी रात्री परत येते. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवलेला असतो आणि बाकी काही नाही.

अशा वेळी घरचे कोणाला बसवतात? बहुतेक वेळा नऊ-दहा वर्षांच्या मुलीला. हे मी जितक्या वेळा पाहिले आहे तितक्या वेळा मला राग आला आहे, आणि आई-बापांचा नव्हे. शिरूर तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवरची आजी पडली, खुब्याचे हाड मोडले, पुण्यात शस्त्रक्रिया झाली. मुलगा आणि सून दोघेही मजुरीला जाणारे. आजीला घरी आणले आणि आश्रमशाळेत चौथीत शिकणाऱ्या नातीला दिवाळीच्या सुट्टीनंतर परत पाठवलेच नाही. कोणी वाईट हेतूने हे केले नव्हते. नातीलाही आजीचा लळा होता. पण दोन महिन्यांनी आजी काठी धरून उभी राहिली तेव्हा मुलगी शाळेची वाट विसरली होती. तिला परत नेऊन बसवायला आम्हाला जून उजाडला. तेव्हापासून "घरी कोण आहे?" एवढेच विचारून आम्ही थांबत नाही. जो कोणी बसणार आहे, तो त्यासाठी काय सोडणार आहे, हे विचारतो. मजुरी सुटणार असेल तर त्या मजुरीचा काही भाग देणे हे आमच्या हिशेबात वैद्यकीय खर्चातच येते. औषधाचे बिल देणारे दाते पुष्कळ मिळतात. सुनेच्या तीन आठवड्यांच्या मजुरीला पैसे मागितले की काही जणांच्या कपाळाला आठी पडते. माझ्या मते दोन्ही खर्च सारखेच आहेत, आणि पुष्कळदा दुसरा अधिक कामी येतो.

रात्रीचा प्रश्न

जागा ठरवताना मी घरच्यांना एक गोष्ट डोळ्यांसमोर आणायला सांगते. रात्रीचे दोन वाजले आहेत. या माणसासाठी काय करावे लागेल, आणि ते कोण करील?

अर्धांगवायू होऊन एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचेला, खुब्याला कातडी काळी पडते आणि मग जखम हाडापर्यंत जाते. त्याला निजवून पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. बसते करूनच, थोडे थोडे, घट्टसर पेजेसारखे द्यावे लागते. लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली राहिली पाहिजे, आणि नळी बदलण्याची तारीख कोणाला तरी लक्षात हवी. यातले काहीही अवघड शिक्षण नाही. निरक्षर सून हे नर्सपेक्षा चांगले करताना मी पाहिली आहे. पण ते करायला हात हवेत, आणि रात्री एक माणूस, दिवसा दुसरे, असे निदान दोघे हवेत. एकच जण असेल तर तो पंधरा दिवसांत थकतो आणि मग रुग्णावर ओरडू लागतो. हे पाप म्हणून सांगत नाही, शरीर म्हणून सांगते.

हात असतील, पण शिकवलेले नसतील, तर सुट्टी दोन दिवस लांबवायला सांगावी. आम्ही सिस्टरना विनंती करतो की ड्रेसिंग, नळीने भरवणे, इन्सुलिन टोचणे हे घरच्या माणसाला नुसते सांगू नका, त्याच्याकडून तुमच्यासमोर करून घ्या. "समजलं का?" म्हटल्यावर आमच्या वस्तीवरची बाई नेहमी मान डोलावते. तिला मराठीपेक्षा पारधी बोली जवळची, समोर पांढरा कोट, आणि कधी एकदा इथून निघतो असे झालेले. सुट्टीच्या दिवशी सकाळी काउंटरवर गर्दी असते, तेव्हा शिकवणे होत नाही. आदल्या दिवशी दुपारी, वॉर्ड शांत असताना, होते.

आणि हात नसतील तर? इथे जागांचा प्रश्न खरा सुरू होतो.

सर्वांत जवळची आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे आपली सरकारी रुग्णालये. दौंडचे उपजिल्हा रुग्णालय, आणि यवत, न्हावरे, शिरूर इथली रुग्णालये. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाला खाट मोकळी करायची असते, रुग्ण घरी जाण्याइतका सावरलेला नसतो, आणि मधले दहा-पंधरा दिवस त्याला शिरेतून औषध किंवा रोजचे ड्रेसिंग हवे असते. अशा वेळी मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात दाखल करता येते. नातेवाइकांना शिरूरहून पुण्याला, सुमारे ७० किलोमीटर, रोज जावे लागत नाही. दौंडकडच्यांना शटलच्या गर्दीत डबा घेऊन उभे राहावे लागत नाही. यासाठी ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्यांना दाखल झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच भेटावे. सुट्टीच्या दिवशी भेटून उपयोग नसतो. फुले योजनेच्या पॅकेजमध्ये सुट्टीनंतरच्या पहिल्या काही दिवसांची औषधे आणि फेरतपासणी धरलेली असते, हेही पुष्कळांना माहीत नसल्याने ते बाहेरून विकत घेतात.

काही रुग्णांना खाट नको असते, फक्त दवाखान्याजवळ राहायचे असते. कॅन्सरची शेक देण्याची ट्रीटमेंट, म्हणजे रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस आणि बहुधा कित्येक आठवडे चालते. प्रत्येक वेळी काही मिनिटांचे काम. त्यासाठी वस्तीवरून रोज येणे अशक्य आणि दवाखान्यात राहणे अनावश्यक. गाडगे महाराजांना हे फार आधी कळले होते. त्यांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. पुण्यात उपचार घेणाऱ्या आमच्या रुग्णांसाठी मंडळीतल्या घरांनी एखादी खोली काही आठवडे दिली, तर ती धर्मशाळाच होय. गेल्या हंगामात उसाच्या फडात घोणस चावलेला एक तरुण असाच राहिला. विषाने मूत्रपिंडे बंद पडली होती, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागत होते. घोणसीच्या विषाने बिघडलेली मूत्रपिंडे बऱ्याचदा काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात, पण तोवर डायलिसिस चुकवून चालत नाही. टोळी दुसऱ्या गावी सरकणार होती. मूळ गाव बीड जिल्ह्यात. मुकादम म्हणे गावी पाठवा. गावाहून डायलिसिसची सोय किती लांब, हे कोणी पाहिलेच नव्हते. हडपसरच्या एका विश्वासी कुटुंबाने पुढची खोली दिली आणि त्याची आई सोबत राहिली, त्यामुळे बायकोला टोळीबरोबर जाता आले. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी डायलिसिस थांबवले.

कुपोषित बालकांची गोष्ट वेगळी. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलेले मूल आजारीही असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात, साधारण दोन आठवडे, आईसह. इथे मी घरी नेण्याच्या बाजूची नाही. आई कितीही रडली तरी नाही. मात्र तिची बाकीची मुले वस्तीवर कोणाच्या भरवशावर आहेत ते पाहिले नाही, तर ती चौथ्या दिवशी मुलाला उचलून निघून जाते आणि केंद्राच्या वहीत "पळून गेली" असे लिहिले जाते. ती पळून जात नाही, दुसऱ्या लेकरांकडे जाते.

बाळंतिणींबद्दल थोडक्यात. दवाखान्यात बाळंतपण झाले तर घरी सोडायला सरकारी गाडी मोफत आहे, मागून घ्यावी. आशाताईंनी पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येऊन बाळ पाहायचे असते. ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातूनच देशभर गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. अडचण एवढीच की आशाताईंच्या यादीत गावातली घरे असतात, तळावरच्या कोप्या पुष्कळदा नसतात. गाडी कोपीपाशी थांबली की त्याच दिवशी त्या गावच्या आशाताईंना फोन करावा.

वृद्धाश्रम, केअर सेंटर आणि दलाल

आता हितचिंतकांच्या मूळ प्रश्नाकडे. बहुतेक वृद्धाश्रम चालते-फिरते, स्वतःचे स्वतः करणारे वृद्ध घेतात. अंथरुणाला खिळलेल्यांना घेणाऱ्या संस्था थोड्या आणि भरलेल्या. शहरात हल्ली "केअर सेंटर" नावाच्या जागा निघाल्या आहेत. काही खरोखर चांगल्या आहेत, पण त्यांचा महिन्याचा खर्च आमच्या माणसांच्या वर्षाच्या कमाईला भिडतो. काही ठिकाणी चार खोल्यांत वीस माणसे आणि रात्री एकच मावशी. मोठ्या दवाखान्यांच्या दारात कार्ड वाटणारे दलाल असतात, त्यांच्यामार्फत जागा ठरवू नये. स्वतः जाऊन पाहावे, आणि सांगून जाऊ नये. संध्याकाळी सातनंतर जावे. वास कसा आहे, रुग्णांच्या टाचा कशा आहेत, पाण्याचे भांडे हाताच्या अंतरावर आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. तिथला माणूस रुग्णाशी बोलतो की रुग्णाबद्दल बोलतो, हेही पाहावे.

पारधी समाजाच्या बाबतीत एक कारण आणखी आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवले आणि तारेच्या कुंपणात डांबले, त्यात त्यांची नावे होती. १९५२ साली तो कायदा गेला, कुंपणाची आठवण गेली नाही. फाटक, वही, हजेरी, भेटीची वेळ असलेली कोणतीही जागा म्हाताऱ्या माणसांना तशीच वाटते. अपघाताची किंवा भाजल्याची केस असली की दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला येतात. ती सर्वांसाठीची रीत आहे, पण एवढ्यावरूनही घरचे रुग्णाला घेऊन रातोरात निघतात. "डॉक्टरांचे न ऐकता नेले" असा शेरा पडतो आणि पुढे त्या दवाखान्यात परत जायची त्यांना लाज वाटते. जबाबाच्या वेळी आपल्यापैकी कोणी शेजारी बसले, तर हे टळते. बिलाच्या भीतीने पळणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवते. पैशांच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, असे राज्याच्या २०२१ च्या नियमांतल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड मात्र लागते, आणि घोडे तिथेच अडते. पेंग खाल्लेल्या त्या घोड्याला हलवण्यासाठी आमचे निम्मे दिवस तहसीलमध्ये आणि घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जातात.

तरीही संस्था नकोच असे मी म्हणत नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभे केले ते १८९६-९७ च्या दुष्काळाच्या सुमारास. तिथे सगळ्यांना एका छपराखाली कोंबले नाही. अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन, वृद्ध आणि अशक्त स्त्रियांसाठी वेगळे, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळे. कोणाला काय हवे ते आधी पाहिले आणि मग भिंती बांधल्या. ज्यांना घरच नाही किंवा घरातूनच हाकलले आहे, त्यांना अशा जागेशिवाय गती नाही. दौंड जंक्शनवर गाडीतून उतरवून दिलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यापुढे "घरीच बरे" म्हणण्यात काही अर्थ नाही.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकतो, पण त्यातली उतारशाळा सहसा मागेच राहते. तो माणूस जखमा बांधून थांबला नाही. त्याने जागा पाहिली, एक रात्र स्वतः तिथे काढली, सांभाळणाऱ्याला पैसे दिले आणि परत येऊन उरलेला हिशेब चुकवीन असे सांगितले. पैसे देणे आणि परत येणे, दोन्ही. संस्थेत ठेवलेल्या आमच्या रुग्णांपैकी ज्यांना महिन्यातून एकदा तरी भेटायला कोणी जाते, त्यांची काळजी नीट घेतली जाते. ज्यांना कोणी भेटत नाही त्यांच्या चादरी उशिरा बदलतात.

बरे न होणाऱ्यांसाठी

सर्वांत कठीण निर्णय त्यांचा, ज्यांना "आता घरी न्या" असे सांगितले जाते आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो पण कोणी बोलत नाही. भीमाकाठच्या एका वस्तीवर मिशेरीने तोंडाचा कॅन्सर झालेली भिल्ल मावशी होती. गाल फुटलेला, वास येई, वेदनांनी ती रात्रभर बसून राही. घरच्यांनी तिला वेगळ्या छपरात ठेवले होते. तिला एकच हवे होते, नदी दिसेल तिथे मरायचे. मुलगा म्हणत होता, कुठेही ठेवा पण तिचे ओरडणे ऐकवत नाही.

दोघांचेही बरोबर होते. पुण्यात वारजे इथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची मोफत काळजी घेते. तिथे रुग्णासोबत घरच्यांनाही राहता येते. मावशीला आणि सुनेला तिथे नेले. वेदना कशाने थांबतात ते डॉक्टरांनी बसवले. मॉर्फिनच्या गोळ्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाहीत, त्या मान्यता असलेल्या केंद्रातूनच मिळतात. किती वेळाने द्यायच्या, पोट साफ राहायला सोबत काय द्यायचे, जखमेचा वास कशाने जातो, ड्रेसिंग कसे करायचे, हे सून पंधरा दिवसांत शिकली. मग मावशी घरी आली. या वेळी छपरात नाही, घरात. शेवटचे पाच आठवडे ती नदीकडे तोंड करून निजली. गोळ्या संपायच्या आत मुलगा पुण्याला जाऊन आणी.

म्हणजे संस्था आणि घर हा एकदाच करायचा निवाडा नाही. पंधरा दिवस इथे, मग तिथे, बिघडले तर पुन्हा इथे, असे चालते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी आम्ही पुढच्या जागेसोबत तिच्या पुढची जागाही ठरवतो. कोणती लक्षणे दिसली तर थांबायचे नाही, रात्री कोणाला फोन करायचा, १०८ ची गाडी वस्तीपर्यंत येऊ शकते की डांबरी रस्त्यावर न्यावे लागेल, हे कार्डाच्या मागे मराठीत लिहून घेतो. वाचता येत नसेल तर गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढतो. आणि रुग्णाला विचारतो. हे शेवटी लिहिले असले तरी करायचे आधी असते. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या पलंगापाशी उभे राहून त्याला कुठे ठेवायचे यावर पाच जण बोलतात आणि त्याला कोणी विचारत नाही, हे शहरातल्या सुशिक्षित घरांतही होते.

मंडळ्यांकडून आम्हाला काय हवे असे पत्रांतून विचारले जाते. वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी. आपल्या घरातले आजारपण संपल्यावर या वस्तू माळ्यावर पडून असतात. हवेच्या गादीबरोबर तिचा पंपही द्यावा, नुसती गादी उपयोगी पडत नाही. आमच्याकडे सध्या दोन गाद्या फिरत्या आहेत, एक शिरूरला आणि एक दौंडला, आणि दोन्ही कोणाच्या तरी अंगाखाली आहेत. पुण्यात रुग्णालयांच्या जवळ राहणाऱ्या ज्या कुटुंबांना काही आठवडे खोली देता येईल त्यांनी आपल्या पाळकांकडे नाव द्यावे. तळमजला असेल किंवा लिफ्ट असेल तर तसे नावापुढे लिहावे. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, त्याआधी यादी हातात आली तर बरे.